हँडिकॅप इंडेक्स: हिशेब चोख, मैदान लांब

गोल्फमधली वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम ही दुकानातून आणायची वस्तू नाही, तरी तिचे पैसे पडतात. क्लबच्या वर्गणीत किंवा हँडिकॅपच्या वेगळ्या शुल्कात ते धरलेले असतात आणि त्याबदल्यात हातात येतो एक आकडा, हँडिकॅप इंडेक्स. २१.४, ९.८, ३६.० असा. हौशी स्पर्धेत तुम्ही कोणत्या गटात खेळणार, किती फटक्यांची सवलत मिळणार आणि संध्याकाळी फलकावर नावापुढे किती गुण लागणार, हे सगळं त्याच आकड्यातून निघतं. द आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी २०२० मध्ये जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती मोडीत काढून ही एकच पद्धत आणली. भारतात ती इंडियन गोल्फ युनियन आणि तिच्याशी जोडलेले क्लब चालवतात.

हे परीक्षण मराठवाड्यातल्या खेळाडूच्या बाजूने केलेलं आहे. पुण्यातला सभासद आठवड्यातून दोनदा खेळतो, त्याला या सेवेत फारसं खुपणार नाही. वाळूजच्या कारखान्यातून सुटी काढून येरवड्याचं पूना क्लबचं मैदान किंवा बावधनचं ऑक्सफर्ड गाठायचं म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा प्रवास, आणि नांदेडकराला तर पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. वर्षाला पंधरा-वीस फेऱ्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी. इतक्या थोड्या कार्डांवर, म्हणजे फेरीचे फटके नोंदलेल्या कागदांवर, हा आकडा खरा राहतो का, हे तपासायचं आहे.

एक गोंधळ आधीच मिटवलेला बरा. हँडिकॅप इंडेक्स म्हणजे क्रमवारी नव्हे. हौशी खेळाडूंची जागतिक क्रमवारी, म्हणजे वर्ल्ड अॅमॅच्युअर गोल्फ रँकिंग, ही वेगळी वही आहे. त्या वहीबद्दल पुढे थोडं आहे, पण शंभरातल्या नव्व्याण्णव हौशी खेळाडूंचा संबंध इंडेक्सशीच येतो.

सुरुवात सोपी आहे आणि या सेवेला इथे पूर्ण गुण द्यावे लागतील. पहिला इंडेक्स मिळायला एकूण ५४ होलची कार्डं लागतात. १८-१८ च्या तीन फेऱ्या चालतात, ९ होलच्या सहा चालतात, दोन्ही मिसळून चालतात. शनिवारी सकाळी १८, दुपारी उशिरा ९, रविवारी १८ आणि निघण्याआधी ९ असा बेत आखला तर एका चक्करीत काम होतं, अर्थात पायांत दम असेल तर. मे महिन्यात असला कुटाणा करू नये.

पण कार्ड ग्राह्य धरलं जायला चार गोष्टी लागतात: खेळ नियमांप्रमाणे झालेला हवा, सोबत किमान एक माणूस हवा, मैदानाला अधिकृत कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग हवं, आणि कार्डावर मार्करची, म्हणजे सोबत राहून फटके लिहिणाऱ्याची, साक्ष हवी. एकट्याने खेळलेली फेरी कितीही झकास असो, हिशेबात धरत नाहीत. सरावाच्या ड्रायव्हिंग रेंजवरचे किंवा कुणाच्या शेतात आखलेल्या पाच होलवरचे फटकेही नाहीत.

आता गणित. प्रत्येक कार्डाचा एक फरक काढतात, त्याला स्कोअर डिफरेन्शियल म्हणतात; तो जितका कमी तितकं कार्ड चांगलं. एकूण फटक्यांतून कोर्स रेटिंग वजा करायचं, त्या दिवशीच्या परिस्थितीची दुरुस्ती असेल तर तीही वजा करायची, मग आलेल्या उत्तराला ११३ ने गुणायचं आणि मैदानाच्या स्लोपने भागायचं. कोर्स रेटिंग म्हणजे अव्वल, शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला त्या मैदानावर साधारण किती फटके लागावेत तो आकडा. स्लोप सांगतो की साध्या खेळाडूला तेच मैदान त्या मानाने किती जास्त जड जातं. तो ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हे मधलं प्रमाण धरलेलं आहे.

समजा एका मैदानाचं कोर्स रेटिंग ७०.८ आणि स्लोप १२८ आहे. तिथे ९५ फटके लागले. ९५ वजा ७०.८ म्हणजे २४.२, गुणिले ११३, भागिले १२८, उत्तर २१.४. दुसरं मैदान सोपं, रेटिंग ६७.०, स्लोप १०५. तिथे ९० फटके लागले. २३ गुणिले ११३ भागिले १०५, उत्तर २४.८. म्हणजे ९५ चं कार्ड ९० च्या कार्डापेक्षा सव्वातीन-साडेतीन फटक्यांनी सरस ठरलं. मोंढ्यात नुसतं पोतं मोजून भाव लागत नाही, ओलावा बघतात, तसंच इथे. पुणे, नाशिक, हैदराबाद असं तीन ठिकाणी विखरून खेळणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला ही गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. जुन्या हिशेबात त्याची कार्डं एकमेकांशी ताडून बघता येत नसत, आता येतात.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. प्रत्येक टीचं, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेचं, रेटिंग आणि स्लोप वेगळं असतं, आणि एकाच टीवरून पुरुषांचं आणि बायकांचंही वेगळं. पांढऱ्या टीवरून खेळून कार्ड निळ्या टीचं भरलं तर डिफरेन्शियल सरळ एक-दोन फटक्यांनी घसरतो किंवा चढतो आणि ती चूक पुढची वीस कार्डं पाठ सोडत नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या खेळाडूला टीचा रंग कुणी विचारत नाही, तेव्हा आपणच लिहून ठेवावा.

वीस कार्डं जमली की त्यातले सगळ्यात चांगले आठ डिफरेन्शियल घेऊन त्यांची सरासरी काढतात. तोच इंडेक्स. वीस होईपर्यंत उतरती शिडी आहे: तीन कार्डं असतील तर सगळ्यात चांगल्या एकातून २.० वजा, चार असतील तर चांगल्या एकातून १.० वजा, पाच असतील तर चांगलं एक जसंच्या तसं, सहा असतील तर चांगल्या दोघांची सरासरी वजा १.०. पुढे सात-आठ कार्डांत दोन, नऊ ते अकरात तीन, बारा ते चौदात चार, पंधरा-सोळात पाच, सतरा-अठरात सहा, एकोणिसात सात. नवख्याचे पहिले तीन डिफरेन्शियल ३०.२, २७.६ आणि ३३.१ आले तर त्याचा इंडेक्स २७.६ वजा २ म्हणजे २५.६. तीन कार्डांवर दोन फटके कापून घेणं जरा कडक वाटतं, पण नवखा झपाट्याने सुधारतो हे धरून ते केलेलं आहे. अडचण अशी की वर्षाला चारदा खेळणारा झपाट्याने सुधारत नाही. त्याला हा कापलेला आकडा घेऊन पहिल्या दोन-तीन स्पर्धा तोट्यात खेळाव्या लागतात. शिडी त्याच्यासाठी बनवलेलीच नाही.

आठ चांगल्यांची सरासरी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. इंडेक्स म्हणजे तुमचा रोजचा खेळ नव्हे, चांगल्या दिवसाचा खेळ. ‘मी माझ्या हँडिकॅपला खेळलोच नाही’ ही तक्रार प्रत्येक क्लबच्या चहाच्या टेबलावर ऐकू येते. खेळाडू बिघडलेला नसतो, आकड्याचा अर्थच तसा आहे.

एखाद्या होलवर अकरा फटके गेले तर अख्खं कार्ड वाया जाऊ नये म्हणून इंडेक्ससाठी प्रत्येक होलला मर्यादा आहे, तिला नेट डबल बोगी म्हणतात: पार (त्या होलसाठी ठरवून दिलेले फटके) अधिक दोन अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारी सवलत. कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या मैदानापुरती सवलत (तिचा हिशेब पुढे आहे), २३ असेल तर प्रत्येक होलवर एक फटका सवलत, आणि स्ट्रोक इंडेक्स (होलचा अवघडपणाचा क्रमांक, १ सगळ्यात अवघड) १ ते ५ च्या होलवर दोन. म्हणून स्ट्रोक इंडेक्स ३ च्या पार ४ वर जास्तीत जास्त ८ धरतात, बाकी पार ४ वर ७. ज्याला अजून इंडेक्सच नाही त्याला पार अधिक पाच. ही मर्यादा हिशेबापुरती आहे. फटक्यांच्या स्पर्धेत ११ म्हणजे ११ च लिहायचे. त्या स्पर्धेत एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही केली तर बाद. जास्त लिहिला तर तोच जास्तीचा आकडा कायम. हँडिकॅप मात्र खेळाडूने कार्डावर लिहिलाच पाहिजे असं २०२३ पासून राहिलेलं नाही, ती जबाबदारी आता स्पर्धेच्या समितीची. जुने मार्कर अजूनही त्यावरून वाद घालतात.

इंडेक्स मैदानावर नेताना परत बदलतो. २१.४ इंडेक्स, स्लोप १२८, कोर्स रेटिंग ७०.८, पार ७२: २१.४ गुणिले १२८ भागिले ११३, त्यात ७०.८ आणि ७२ मधला फरक म्हणजे उणे १.२ मिळवला की २३ आला, हा कोर्स हँडिकॅप. वैयक्तिक फटक्यांच्या किंवा स्टेबलफोर्ड, म्हणजे गुणांच्या, स्पर्धेत त्याचे ९५ टक्के घेतात, म्हणजे २२. तोच खेळाडू वरच्या सोप्या मैदानावर, पार ७० धरून, १७ वर येतो आणि ९५ टक्के लावले की १६ वर. एकास एक सामन्यात पूर्ण १०० टक्के, चौघांच्या फोरबॉल (जोडीतल्या दोघांपैकी चांगल्याचा आकडा धरायच्या) फटक्यांच्या स्पर्धेत ८५. वेगळ्या शहरात गेल्यावर ‘माझा हँडिकॅप २२ आहे’ असं सांगणारा माणूस स्वतःचंच नुकसान करतो किंवा दुसऱ्याचं. सांगायचा तो इंडेक्स, दशांशासकट.

गुण कसे पडतात ते आता उलगडतं. हौशी स्पर्धांत सगळ्यात लोकप्रिय पद्धत स्टेबलफोर्ड. इंग्लंडमधले डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या नावाची, १९३२ साली वॉलसी क्लबवर तिची पहिली स्पर्धा झाली. सवलत वजा करून त्या होलवर पार आला तर २ गुण, एक जास्त तर १, दोन किंवा अधिक जास्त तर शून्य. एक कमी तर ३, दोन कमी तर ४, तीन कमी तर ५. २२ वर खेळणाऱ्याला स्ट्रोक इंडेक्स ३ च्या पार ४ वर दोन फटके मिळतात; त्याने ६ काढले, नेट ४, दोन गुण. स्ट्रोक इंडेक्स १० च्या पार ३ वर एक फटका. ५ काढले, नेट ४, एक गुण. तिथेच सहावा फटका मारायची वेळ आली तर चेंडू उचलून पुढे चालू लागावं, शून्यच मिळणार आहे. मागचे चौघे दुवा देतील.

अठरा होलवर दोन-दोन गुण म्हणजे ३६. मात्र इंडेक्स चांगल्या दिवसाचा असल्याने बहुतेक जण बहुतेक वेळा ३६ च्या खालीच राहतात. एखाद्या स्पर्धेत ४४-४५ गुणांनी कुणी जिंकला तर टाळ्या वाजवताना लोक एकमेकांकडे का बघतात, ते यावरून कळावं. गुण बरोबरीत सुटले तर बहुतेक ठिकाणी शेवटच्या नऊ होलचे गुण बघतात, मग शेवटच्या सहाचे, तीनचे आणि शेवटी अठराव्याचे. म्हणून थकून शेवटच्या दोन होलवर चेंडू उचलणं महागात पडतं.

त्या टाळ्यांमागच्या शंकेवर सेवेने दोन कुलपं लावली आहेत. एक, चालू इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ ने सरस डिफरेन्शियल आला तर इंडेक्समधून आपोआप १.० कापला जातो, १०.० किंवा जास्त सरस असेल तर २.०. दोन, इंडेक्स वर जाण्यावर लगाम. गेल्या ३६५ दिवसांतला तुमचा सगळ्यात कमी इंडेक्स १८.० असेल तर २१.० पर्यंत तो मोकळा वाढतो. त्यापुढची वाढ निम्मी धरतात, आणि २३.० च्या वर काही केल्या जात नाही. हिशेबाने २४.० येत असेल तर लागतो २२.५. मुद्दाम वाईट खेळून सवलत फुगवणाऱ्यावर हा चांगला उपाय आहे. पण आजारपणातून उठलेल्या किंवा सुगीत चार महिने मैदान न पाहिलेल्या माणसाचाही गळा त्यानेच आवळला जातो. क्लबच्या हँडिकॅप समितीला हा लगाम काढायचा अधिकार आहे, फक्त अर्ज करावा लागतो, तो कुणी करत नाही.

फुगवण्याचा खरा मार्ग कुलपातून जात नाहीच. तो जातो खिशातून. मित्रांसोबतच्या खेळातलं चांगलं कार्ड खिशात राहतं आणि वाईट तेवढं भरलं जातं. उलटही होतं: कमी हँडिकॅपची ऐट मिरवायला वाईट कार्डं गायब. वीसपैकी आठ घेणारं गणित कितीही हुशार असलं तरी खतावणीत जे लिहिलंच नाही ते त्याला दिसत नाही. कमी खेळणाऱ्याच्या बाबतीत याचा फटका जास्त, कारण आठवड्याला दोन कार्डं भरणाऱ्याची वीस कार्डं अडीच महिन्यांत पालटतात, त्याचं जुनं पाप धुऊन निघतं. मराठवाड्यातल्या खेळाडूची वीस कार्डं म्हणजे दीड वर्षाचा इतिहास. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली दोन झकास कार्डं यंदाच्या ऑगस्टमध्येही त्याचा इंडेक्स खाली धरून ठेवतात. सेवेचा सगळ्यात मोठा दोष आमच्या मते हाच: कार्डांची संख्या मोजली जाते, त्यांचं वय नाही.

दिवसाच्या हवामानाची दुरुस्ती हा मात्र सुरेख भाग आहे. गावाची पैसेवारी लावतात तेव्हा एकट्याचं शेत बघत नाहीत, गावाचं पीक बघतात. तसंच इथे त्या दिवशी त्या मैदानावर सगळ्यांनी अपेक्षेच्या मानाने कसे फटके मारले ते बघून उणे १ ते अधिक ३ पर्यंत दुरुस्ती होते. किमान आठ ग्राह्य कार्डं लागतात आणि ३६.० पर्यंतच्या इंडेक्सवाल्यांचीच धरतात. एप्रिलमध्ये जमीन टणक होऊन चेंडू पन्नास पावलं घरंगळतो, मैदान प्रत्यक्षात आखूड होतं. तेव्हा उणे १ येऊ शकतो. पावसाळ्यात चेंडू पडल्या जागी रुततो तेव्हा अधिक. तोटा एवढाच की कामाच्या दिवशी ओस पडलेल्या मैदानावर आठ कार्डं होत नाहीत. स्वस्तात पडतं म्हणून मंगळवारी जाणाऱ्याला ही दुरुस्ती मिळायची शक्यता कमी.

२०२४ मध्ये झालेले दोन बदल आपल्याकडे जास्त महत्त्वाचे आहेत. पूर्वी ९ होलचं कार्ड दुसऱ्या ९ होलच्या कार्डाची वाट बघत पडून राहायचं. आता इंडेक्स असलेल्या खेळाडूच्या ९ होलला त्याच्याच अपेक्षित खेळाची जोड देऊन लगेच १८ होलचा डिफरेन्शियल काढतात. सकाळी पुण्यात काम, दुपारी ९ होल, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत, असं करणाऱ्याचंही कार्ड लगेच जमा. दुसरा बदल म्हणजे रेटिंगसाठी मैदानाची किमान लांबी निम्मी झाली: १८ होलला १,५०० यार्ड, ९ होलला ७५०. ७५० यार्ड म्हणजे साधारण ६८५ मीटर, म्हणजे पाऊणशे मीटरचे नऊ पार ३. औद्योगिक वसाहतीत, कॉलेजच्या माळावर एवढी जागा निघू शकते. कुणी केलंच तर रेटिंगसाठी रीतसर मोजणी करून घ्यावी लागेल, नुसते झेंडे रोवून भागणार नाही.

जागतिक हौशी क्रमवारीबद्दल थोडक्यात, कारण मुलाला गोल्फ लावलेले पालक लगेच तिच्याकडे धाव घेतात. पुरुषांची २००७ मध्ये, महिलांची २०११ मध्ये सुरू झाली आणि दर बुधवारी नवी यादी लागते. तिथे हँडिकॅपला जागा नाही; सवलत न धरता मारलेले फटके तेवढे खरे. गुण मिळतात ते मान्य स्पर्धेतच, आणि त्या स्पर्धेत कोण-कोण खेळतंय यावर गुणांचं वजन ठरतं. मागचे १०४ आठवडे धरतात, जुने गुण हळूहळू झिजत जातात. क्रम ठरतो तो सरासरीवर, म्हणून नुसत्या जास्त स्पर्धा खेळून वर चढता येत नाही. इंडेक्स शून्याच्या आसपास यायच्या आत तिच्यामागे प्रवासखर्च करण्यात अर्थ नाही.

बक्षिसाचीही एक अट माहीत असावी. हौशी दर्जा राखायचा तर हँडिकॅप स्पर्धेत रोख रक्कम घेता येत नाही, वस्तुरूपाने ७०० पौंड किंवा १,००० अमेरिकी डॉलरच्या मर्यादेत घेता येतं. सवलतीशिवायच्या स्पर्धेत त्याच मर्यादेत रोखही चालते. पाकिटात रोकड घालणारे हौशी आयोजक कमी नाहीत.

सेवा घ्यायची असेल तर होम क्लब, म्हणजे तुमचा इंडेक्स सांभाळणारा क्लब, निवडताना वर्गणीपेक्षा कार्यालयाची शिस्त बघा. कार्ड भरलं की दुसऱ्या दिवशी इंडेक्स पालटतो का, हे एखाद्या सभासदाला विचारा. कार्यालयाला विचारा की दुसऱ्या शहरात पाहुणा म्हणून खेळलेलं कार्ड त्यांच्याकडे कसं पोचतं. ‘पुढच्या वेळी येताना घेऊन या’ असं उत्तर आलं तर पुढची वेळ तीन महिन्यांनी येणार हे धरून चाला आणि मैदान सोडण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्याच दिवशी पाठवून द्या. एका बाजूला होलवार फटके आणि मार्करची सही, दुसऱ्या बाजूला छापलेलं रेटिंग आणि स्लोप, आणि कोपऱ्यात पेनने तारीख व टीचा रंग.